मोराला दाणे टाकू नका

बार्शी तालुक्यातल्या वैरागच्या काळ्या रानात पेरणी उरकली की राखणीचे दिवस सुरू होतात. सोयाबीनचा कोंब दोन जाड दले घेऊन जमीन फोडतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लांडोरी बांधावरून खाली उतरतात. कोंब चोचीत धरायचा, एक झटका द्यायचा, पुढच्या कोंबाकडे वळायचे. सकाळचा थंडावा असेपर्यंत हे काम गडबड न करता चालते. दुपारी शेतकरी येतो तेव्हा ओळीच्या ओळी मोकळ्या झालेल्या असतात. मग दुबार पेरणी. बियाणे पुन्हा विकत, मजुरी पुन्हा, आणि पावसाचा वाफसा तोवर निघून गेलेला.

घराजवळच्या परसबागेची कथाही फार वेगळी नाही. मेथी-कोथिंबिरीचे कोवळे वाफे, मिरची, टोमॅटो, वेलावरची काकडी हे सारे मोराच्या आवडीचे. भुईमूग तर तो पायांनी उकरून काढतो. जे खात नाही तेही वाचत नाही, कारण मोराला धुळीत अंग घोळवायची सवय असते आणि नुकताच भुसभुशीत केलेला वाफा त्याला त्यासाठी फार पसंत पडतो. बी पेरून वर हात फिरवलेली माती दुसऱ्या दिवशी खड्डा पडलेली दिसते.

मोर वाढले आहेत का, या प्रश्नाला आता आकडेवारीचाही आधार आहे. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात अनेक पक्ष्यांबद्दल चिंता आहे, पण मोर मात्र ठळकपणे वाढणाऱ्यांत आहे. केरळच्या ज्या ओल्या भागांत तो पूर्वी नव्हता तिथेही तो पोहोचला. आपल्याकडे तर तो जुनाच. बीड जिल्ह्यातल्या नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत चिंचांच्या सावलीत तो माणसांच्या शेजारी राहतो. सोलापूर-बार्शी रस्त्यावर वैरागच्या अलीकडे नान्नजचे माळरान लागते. ते ज्या पक्ष्यासाठी राखले तो माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. माणसाजवळ राहणे मोराला जमले, माळढोकाला जमले नाही. म्हणून मोराची वाढ ही आधी आनंदाची गोष्ट आहे, हे नुकसानीबद्दल बोलतानाही विसरता येणार नाही.

1963 पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन वर्षांचा तुरुंगवास, 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजारांचा दंड. पिकाचे नुकसान होते म्हणून पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकालाही देता येत नाही; माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच ती मिळते. गोव्यात 2016 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी मोराला उपद्रवी ठरवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा देशभर टीका झाली. ती टीका योग्यच होती. पण पीक गमावलेल्या माणसाला त्या टीकेतून काही मिळाले नाही. कीटकनाशक लावलेले धान्य बांधावर पसरण्याचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याला हेही सांगायला हवे की त्या दाण्याने चिमणी, कवडा, तितर आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याही मरतात.

पक्षी जपायचा आणि तो वाढला की त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकायचे, हा सारा प्रवास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने रानटी टर्कीबाबत केला आहे. तिथली टर्की 1851 पर्यंत शिकार आणि जंगलतोडीने संपली होती. 1972-73 मध्ये न्यू यॉर्कमधून 37 पक्षी आणून सोडले आणि आज त्यांची प्रजा हजारोंच्या घरात आहे. बॉस्टनच्या उपनगरांत टर्की रस्ते अडवतात, गाडीच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून टोचा मारतात, भित्र्या माणसाच्या अंगावर धावतात. तिथल्या वन्यजीव विभागाचा पहिला सल्ला एकच: खायला घालू नका. बाकीचे उपाय त्यानंतर.

तो सल्ला वैरागलाही तंतोतंत लागू पडतो. अंगणात मोर यावा, नातवंडांनी पाहावा, फोनवर चित्रफीत काढावी म्हणून मूठभर ज्वारी टाकणारी घरे गावोगाव आहेत. हेतू चांगला असतो. पण मोर सवयीचा पक्षी आहे. एकदा ठरावीक वेळी दाणे मिळाले की तो रोज येतो, सोबत लांडोरी आणि पिल्ले आणतो, माणसाला बुजेनासा होतो. मग गच्चीवरून उडून तो ज्या शेतात उतरतो ते बहुधा दाणे टाकणाऱ्याचे नसते. दर्शनाचा आनंद एकाला आणि दुबार पेरणीचा खर्च दुसऱ्याला, ही वाटणी अन्यायाची आहे. जुना शेतकरी पाखरांसाठी चार कणसे सोडायचा, पण ती स्वतःच्या शेतातली असायची.

परसबाग वाचवणे अवघड नाही. भिंत उंच करून उपयोग नाही, कारण मोर उडून झाडावर झोपायला जाणारा पक्षी. वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवून त्यावर जाळी ताणायची आणि कडा मातीत दाबायच्या. रोप हाताएवढे झाले की जाळी काढून पुढच्या वाफ्याला. द्राक्षबागेतली जुनी बर्डनेट चालते, फक्त ती ढिली सोडू नये. ढिल्या जाळीत साप, सरडे आणि पाखरे अडकून मरतात. नायलॉन मांजा तर अजिबात नको. भिंतीच्या माथ्यावर वीतभर उंच एक तार ताणली की मोराला नीट टेकता येत नाही. चमकत्या पट्ट्या, बुजगावणे, डबे वाजवणे हे चार-आठ दिवसांचे उपाय, जागा बदलत राहिले तर थोडे अधिक. कोंब वर येण्याचा काळ तेवढाच नाजूक असतो, म्हणून त्या दिवसांत तेही कामाला येतात. कोंबड्यांचे सांडलेले खाद्य आणि उघड्यावर पडलेले धान्य मात्र रोज झाडून घ्यावे.

पण एकरांनी पसरलेल्या उडीद-सोयाबीनवर जाळी कोण टाकणार? तिथे शासनाने पुढे यायला हवे. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत 2026 च्या खरिपापासून घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. शेतकऱ्याने 72 तासांत छायाचित्रासह कळवायचे आणि कोणते प्राणी धरायचे ती यादी राज्याने काढायची, अशी रचना आहे. या चर्चेत रानडुक्कर, रोही, माकड पटकन आठवतात. मोर आठवत नाही, कारण तो सुंदर आहे. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत प्राण्यांमध्ये पक्षीही येतात. ज्या सरकारने कायदा करून मोराला शेतकऱ्याच्या हातापासून वाचवले, त्याच सरकारने मोराने केलेले नुकसान मोजले पाहिजे. महाराष्ट्राच्या यादीत मोराचे नाव असलेच पाहिजे, आणि बार्शी तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी, शेतकरी संघटनांनी ही मागणी पेरणीच्या आधी लेखी नोंदवावी.