अर्धशिशी आणि रक्तवाहिन्यांचें प्रसरण

सुश्रुतानें उत्तरतंत्रांत जे अकरा शिरोरोग गणिले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' हा एक आहे. ग्रीक वैद्य गॅलेन यानेंहि याच दुखण्यास 'अर्धें मस्तक' अशा अर्थाचें नांव दिलें व त्याच्या अपभ्रंशानें 'मायग्रेन' झालें. नामकरणांत दोघांचें असें मतैक्य. कारणाविषयीं मात्र अजून वाद आहे.

कानशिलाशीं नाडीच्या ठोक्यासरसा ठणका उठतो, हा रोग्यांचा नित्याचा अनुभव. तेव्हां दोष रक्तवाहिनीचाच, असें कोणासहि वाटावें. १९३८ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम व वुल्फ या डॉक्टरांनीं रोग्यांच्या कानशिलावरील धमनीचें स्पंदन मोजलें. अर्गोटामाइन टोचल्यावर तें लहान होत गेलें व त्याबरोबर वेदनाहि ओसरली. राय या धान्यावरील बुरशीपासून निघणाऱ्या ह्या द्रव्याचा धर्म वाहिन्या आकुंचित करण्याचा. यावरून प्रसरणानेंच डोकें दुखतें असा सिद्धांत बसला व कित्येक दशकें टिकला.

न्यायाचे चार पाठ घोकलेल्यास येथें शंका यावी. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. डेन्मार्कमधील संशोधकांनीं ही कसोटी लावून पाहिली. सिल्डेनाफिलनें अर्धशिशी उठली, पण मेंदूच्या मध्य धमनींत प्रसरण आढळलें नाहीं. व्हीआयपी नामक द्रव्य थोडा वेळ दिलें तेव्हां वाहिन्या रुंदावल्या, पण अर्धशिशी उठली नाहीं. अन्वय व व्यतिरेक दोन्ही ढळले म्हणावें, तों २०२१ सालीं तेंच द्रव्य दोन तास शिरेंतून सोडतांच बहुतेकांस अर्धशिशी उठली! प्रतिपक्ष अजून पुरता हरलेला नाहीं. इतकें मात्र खरें कीं, २०१३ सालीं चालू दुखण्यांत धमन्यांचीं चित्रें घेतलीं असतां कवटीबाहेरील धमन्या रुंदावलेल्या नव्हत्या, आंतील किंचित् रुंदावल्या होत्या.

आज मुख्य संशय चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूवर आहे. त्याच्या टोकांतून सुटणारें सीजीआरपी हें द्रव्य वाहिनीहि रुंदावतें व वेदनामार्गहि चेतवितें.

हा केवळ पंडितांचा कलह नव्हे. वाहिन्या आवळणारीं अर्गोटामाइन, सुमाट्रिप्टान हीं औषधें हृद्रोग्यास वर्ज्य. सीजीआरपीस अडविणारीं, २०१८ पासून वापरांत आलेलीं औषधें वाहिन्या न आवळतां गुण देतात. अंधाऱ्या खोलींत पडलेल्या सुनेस 'सोंग करते' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें सर्व एकदां वाचावें. वेदनाशामक गोळ्या महिन्यांतून दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास त्यांनींच डोकें दुखूं लागतें. म्हणून घेतलेल्या गोळ्यांची नोंद कॅलेंडरावर करून ती डॉक्टरांस दाखवावी.