नख्खासचा पोपट

मे महिन्याच्या सुटीत ताईकडे लखनौला गेले होते. भाऊजी लष्करात डॉक्टर, बदलीची नोकरी. सध्या मुक्काम लखनौ छावणीत. छावणी कुठलीही असो, तिचा थाट सारखाच! रुंद, स्वच्छ रस्ते, चुन्यानं रंगवलेले झाडांचे बुंधे आणि दुपारी दोननंतर चिडीचूप. पण तिथून सदर बाजारात पाऊल टाकलं की एकदम गर्दी, घंटा, हाका आणि कचोरीचा वास.

त्या सदर बाजाराच्या एका गल्लीत, भाजी घेऊन परतताना एक सायकलवाला भेटला. हँडलला टोपली, टोपलीवर ओलं फडकं. ताईचा आठ वर्षांचा मुलगा आमच्याबरोबर होता. सायकलवाल्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग फडक्याचं टोक हळूच उचललं. आत पोपटाची पाच पिल्लं होती. अंगावर धड पिसंही फुटली नव्हती. एकमेकांच्या अंगावर चढून ती चोची वासत होती.

‘‘मावशी, मिठ्ठू!’’ भाच्यानं माझा हात घट्ट धरला.

‘‘हे तर नख्खासला विकतात ना?’’ ताईनं विचारलं.

‘‘वहां छापे पड़ते हैं, बहनजी. हम घर पहुंचा देते हैं,’’ सायकलवाला म्हणाला.

ताईनं ठाम नकार दिला. सायकलवाला गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. भाचा घरी पोचेपर्यंत रडत होता. दारात चपला काढताना त्यानं विचारलं, ‘‘आपण एक घेतला असता, तर तो एक तरी वाचला असता ना?’’

ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मी ताईकडे. प्रश्न साधा होता, पण उत्तर काही केल्या सापडेना.

नख्खास हा लखनौच्या जुन्या शहरातला, चौकाजवळचा बाजार. नख्खास या शब्दाचा मूळ अर्थच जनावरांचा बाजार. नवाबी काळात या शहराला पक्ष्यांचं विलक्षण वेड होतं. कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी, कबुतरं उडवण्याच्या शर्यती! अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर लिहिलेल्या पुस्तकात या शौकांचं तपशीलवार वर्णन आहे. नवाब गेले, पण पिंजरे राहिले. नख्खासचा चिडिया बाजार देशभर ठाऊक झाला. आपल्याकडे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात मुलांना बोट धरून पक्षी दाखवायला नेलेले आईबाप काही कमी नाहीत. तोच प्रकार तिथेही.

कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९०-९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद आहे. म्हणजे आपला नेहमीचा हिरवा पोपट, मैना, लाल मुनिया यांना पकडणं, विकणं आणि घरी पाळणं, सगळंच बेकायदा. परदेशी जातीचे, पिंजऱ्यातच वाढवलेले पक्षी विकता येतात. पण त्या दुकानांसाठीही २०१८ पासून नोंदणीचे आणि देखभालीचे नियम आहेत. गंमत म्हणजे, ‘पोपट पाळणं गुन्हा आहे’ हे सांगितलं की दहातले नऊ जण हसतात. ‘आमच्या आजीकडे होता की!’ असं म्हणतात. आजीकडे होता हे खरं, पण तेव्हा हा कायदा नव्हता.

बरं, कायदा आहे, छापे पडतात, पिंजरे जप्त होतात. मग तो टोपलीवाला कुठून आला? दुपारच्या जेवणाला मी हाच विषय काढला.

‘‘बाजाराला कुलूप लावलं की बाजार बंद होत नाही, तो पांगतो,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘एका जागी असतो तेव्हा निदान दिसतो तरी. पांगला की सायकलवर येतो, फोनवर येतो.’’

ताई म्हणाली, ‘‘म्हणून काय बाजार चालू ठेवायचे? त्याच गल्लीत कोंबडीवाल्याची खुराडी बघितलीस ना? एकावर एक रचलेली. वरच्या कोंबडीची घाण खालचीच्या अंगावर.’’

भाऊजींनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. डॉक्टर माणूस, विषय त्यांच्या हातात आला होता.

त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. १९९७ साली हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू कोंबड्यांतून माणसात शिरला. १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. वर्षाच्या शेवटी तिथल्या सरकारनं दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारून टाकल्या. जिवंत कोंबड्यांचे बाजार हे विषाणूचं आगर होतं. कारण समजायला सोपं आहे. वेगवेगळ्या गावांहून आलेले पक्षी एका जागी कोंबले जातात. संध्याकाळी काही उरतात. सकाळी नवा माल येतो, तो उरलेल्यांच्या शेजारी बसतो आणि शिळा विषाणू ताज्या कोंबडीत शिरतो. ही साखळी कधी तुटतच नाही.

हाँगकाँगनं ती तोडली, पण एका फटक्यात नाही. २००१ पासून महिन्यातला एक दिवस बाजार पूर्ण रिकामा करून धुवायचा, असा नियम झाला. पुढे लावे विकायला बंदी आली. २००८ पासून रात्री एकही जिवंत कोंबडी दुकानात ठेवायची नाही, असं ठरलं. आणि ज्या विक्रेत्यांनी आपणहून परवाने परत केले, त्यांना सरकारनं पैसे मोजले. दुकानांची संख्या घटत गेली.

चीनमधल्या शांघायनं २०१३ साली दुसरा मार्ग धरला. बर्ड फ्लूचाच एक नवा प्रकार माणसांना होऊ लागला, तेव्हा जिवंत कोंबड्यांचे बाजार तडकाफडकी बंद केले. शांघाय आणि आसपासच्या तीन शहरांचा अभ्यास नंतर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाजार बंद होताच माणसांमधली लागण ९७ ते ९९ टक्क्यांनी घटली होती.

‘‘बघा, म्हणजे बंद केल्यानं उपयोग होतो!’’ ताई म्हणाली.

‘‘होतो ना! पण पुढचं ऐक. विकायला आणलेल्या कोंबड्या काही हवेत विरत नाहीत. इथं बाजार बंद म्हटल्यावर व्यापारी त्या दुसऱ्या गावांना घेऊन गेले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला, असंही नंतरच्या एका अभ्यासात दिसलं.’’

म्हणजे पुन्हा आमचा टोपलीवालाच!

आपल्या महाराष्ट्रालाही याची झळ बसलेली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला. देशातला तो पहिलाच उद्रेक. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सुदैवानं माणसांना लागण झाली नाही. पण राज्यभर चिकनची दुकानं ओस पडली आणि कोंबडीपालक कंगाल झाले. २०२० साली कोरोना आला, तेव्हा चीनमधल्या वुहानचा बाजार जगाच्या तोंडी झाला. रोगाच्या उगमाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या बाजारात जिवंत रानटी प्राणी विकले जात होते, हे सिद्ध झालं आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणि तिच्या सहकारी संस्थांनी मंडईत जिवंत रानटी सस्तन प्राणी विकणं थांबवा, असं सगळ्या देशांना सांगितलं. मंड्याच बंद करा, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. त्यावर कितीतरी गरिबांची चूल पेटते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

या चुलीचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. उत्तरेत पक्षी पकडणारे बहेलिये आणि मीरशिकार हे पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यावर जगत आलेले. पक्षितज्ज्ञ अब्रार अहमद यांनी उत्तर भारतातल्या जिवंत पक्ष्यांच्या व्यापारावर १९९७ साली सविस्तर अहवाल लिहिला, त्यात ही मंडळी भेटतात. आपल्याकडचे फासेपारधी आठवा. तितर-लाव्यांसाठी फास लावणं हेच ज्यांचं शिक्षण, त्यांना एका सकाळी ‘आजपासून हा गुन्हा’ असं सांगितलं. सांगितलं ते योग्यच. पण ‘मग उद्यापासून हे काम कर’ असं किती जणांना सांगितलं? हाँगकाँगनं परवाने परत घेताना पैसे मोजले, ते उगाच नव्हे.

तरीही खरं सांगायचं तर सरकार, छापे, पुनर्वसन या सगळ्यांच्या आधी येतो तो घेणारा. टोपलीवाला आमच्यापर्यंत आला, कारण छावणीत मुलं असतात आणि मुलं हट्ट करतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपण एक पिल्लू घेतो, तेव्हा ते एक वाचवत नाही, पुढच्या टोपलीची आगाऊ रक्कम भरतो. पुण्य लागावं म्हणून पैसे देऊन पिंजऱ्यातले पक्षी सोडणाऱ्यांचंही तेच. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा हेतू काय करायचाय? त्याचा पक्षी विकला गेला, बस्स! आणि सोडलेला, अर्धमेला पक्षी पुन्हा जाळ्यात सापडायला वेळ लागत नाही.

मग आपण घरच्या घरी काय करायचं? देशी पक्षी विकत घ्यायचा नाही, दया आली तरी नाही. कुणी विकताना दिसला तर वनखात्याला कळवायचं. (आम्हीही घरी येऊन फोन केला, पण तोवर सायकल कुठच्या कुठे गेली होती. गल्लीतूनच करायला हवा होता.) घरात आधीपासून पोपट असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नका. माणसाच्या हातून खाल्लेल्या पक्ष्याला रानात जगता येत नाही. त्यालाही वनखात्याच्याच स्वाधीन करायला हवं. आणि कोंबडी घ्यायची ती स्वच्छ, परवाना असलेल्या दुकानातून. परवानगी असलेल्या कत्तलखान्याबाहेर शहरात जनावरं कापू नयेत, असा नियम २००१ पासून आहे. तो पाळणाऱ्या दुकानात दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. ‘ताजी म्हणजे डोळ्यांदेखत कापलेली’ ही आपली समजूत सुटली की रस्त्यावरची खुराडी आपोआप कमी होतील.

त्या संध्याकाळी भाच्याला घेऊन आम्ही दिलकुशा कोठीला गेलो. छावणीजवळच आहे. नवाबानं सुमारे १८०० साली शिकारीच्या मुक्कामासाठी बांधलेली. आता नुसत्या उंच, पडक्या भिंती उरल्या आहेत. ऊन उतरलं तसे पोपटांचे थवे किंचाळत आले. भिंतींवर बसले, झाडांवर उतरले, पुन्हा उडाले. भाचा मान वर करून मोजत होता. चाळीसपर्यंत गेला आणि थकला.

‘‘मावशी, टोपलीतली पिल्लं अशाच एखाद्या झाडातून काढली असतील?’’

‘‘हो. ढोलीतून.’’

‘‘मग त्यांची आई ह्यांच्यातच असेल.’’

तो बराच वेळ गप्प होता. सकाळच्या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं. ते पाचही बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी पिंजऱ्यात गेले असतील, आणि त्यांच्यासाठी आम्हाला काही करता आलं नाही, ही टोचणी मला आजही आहे. पण घरी परतताना भाच्यानं पिंजऱ्याचं नाव काढलं नाही. गच्चीवर पाण्याचं मातीचं भांडं ठेवू या का, एवढंच त्यानं आईला विचारलं.