सिक्लिड विकण्याआधी टाकीची चौकशी करा

कच्च्या रंगाचे कापड विकताना 'हे वेगळे धुवा' एवढे तीन शब्द गिऱ्हाईकाला सांगावे लागतात. जो सांगत नाही, त्याची एक विक्री होते आणि एक कुटुंब कायमचे तुटते. शोभेच्या माशांच्या बाजारात मात्र हे तीन शब्द फारसे ऐकू येत नाहीत.

आफ्रिकेतील मलावी सरोवराचे म्बुना सिक्लिड निळ्या-पिवळ्या रंगामुळे चटकन खपतात. त्याच गिऱ्हाईकाला एंजल, गप्पी आणि गोल्डफिशही बांधून दिले जातात. थोड्याच दिवसांत शेपट्या कुरतडलेले मासे पाण्यावर तरंगू लागतात. यात माशाचा दोष नाही. खडकांच्या कपारीत राहणारा हा मासा आपली हद्द राखतो. सरोवरात दुबळा पळून जातो. काचेच्या टाकीत पळणार कोठे?

म्हणून विक्रेत्याने आधी विचारावे : टाकी केवढी, आत कोण आहे? टाकी २०० लिटरच्या आतली असेल तर म्बुना देऊच नये. ऑराटस आणि केनयी फार भांडखोर. ते नवशिक्याच्या गळ्यात मारू नयेत. यलो लॅब त्या मानाने शांत. एका नरामागे तीन-चार माद्या द्याव्यात. सारख्या रंगाच्या व पट्ट्यांच्या दोन जाती एकत्र देऊ नयेत, कारण नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. वेगळा सोबती हवाच असेल तर आफ्रिकेचाच सायनोडोन्टिस कॅटफिश चालतो. नवे मासे सोडताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात.

पाणी आणि खाद्यही जुळले पाहिजे. म्बुनाला कठीण, अल्कधर्मी पाणी लागते. डिस्कस व निऑन टेट्राला मऊ. म्बुना मुख्यतः शेवाळावर जगतो. मांसाहारी माशांचे खाद्य त्याला रोज मिळाले तर पोट फुगून तो दगावण्याचा धोका असतो.

काही दुकानदार म्हणतील, एवढी चौकशी केली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ द्या. ज्याचे मासे जगतात, तो खाद्यासाठी, फिल्टरसाठी महिन्या-महिन्याला परत येतो. ज्याचे मरतात, तो टाकीच भंगारात काढतो. मालाचा ऐब आधी सांगणे यात नुकसान नाही. धंदा त्यावरच टिकतो.