निरोप गेला, पण पोच कोठे आहे?

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडाखाली यात्रा भरते. अशा गर्दीच्या बाजारात हल्ली एक वाद कोठेही ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणते, "माझ्या खात्यातून पैसे कटले." दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे आले नाहीत." पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. खोट असते ती दोन बँकांच्या यंत्रणांमध्ये होणाऱ्या निरोपांच्या देवाणघेवाणीत. आपल्या व्यापारी बांधवांनी ही देवाणघेवाण समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यातील घोटाळ्याचा भुर्दंड अखेर लहान दुकानदारालाच बसतो.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय सुरू केले. गिऱ्हाईकाने क्यूआर कोडवर फोन धरला की त्याच्या बँकेला निरोप जातो, 'अमुक रक्कम कापा.' ती कापल्याची पोच आली की दुकानदाराच्या बँकेला दुसरा निरोप जातो, 'ही रक्कम जमा करा.' तिची पोच उलट आली म्हणजे व्यवहार पुरा होतो. आता समजा, शेवटची पोच वाटेत अडली. पैसे जमा झाले की नाही, हे पाठवणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणजे 'झाले' आणि 'झाले नाही' यांखेरीज 'अजून माहीत नाही' ही तिसरी अवस्था असते. सारे भांडण या तिसऱ्या अवस्थेचे आहे.

यावरचा इलाज आपल्या बाजारपेठांना नवा नाही. हुंडी वाटेत गहाळ झाली तर सराफ तिच्याऐवजी 'पैठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपैठ'. मात्र पैठेत मूळ हुंडीचा उल्लेख असे, आणि तिन्हींपैकी एकीवर पैसे चुकते झाले की बाकीच्या आपोआप रद्द होत. निरोप कितीदाही पाठवा, पैसे एकदाच मिळतील, असा हा बंदोबस्त. आजचे संगणकतज्ज्ञ नेमके हेच करतात. प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक देतात, पोच आली नाही तर त्याच क्रमांकाने पुन्हा विचारतात, आणि समोरची यंत्रणा 'हा क्रमांक मी आधीच निकालात काढला आहे' असे ओळखून दुसऱ्यांदा रक्कम हलवत नाही. गिऱ्हाईक घाईने पुन्हा नवे पैसे पाठवते तेव्हा नवा क्रमांक तयार होतो, आणि पैसे दोनदा कटू शकतात.

रामटेकलाच मेघदूतातील रामगिरी मानणाऱ्या अभ्यासकांत वा. वि. मिराशी यांचे नाव मोठे आहे. त्या काव्यातला यक्ष अलकेला निरोप धाडताना पत्नीला पटावी म्हणून दोघांनाच ठाऊक असलेली एक खूण सांगतो. निरोप खरा कोणाचा, हे ओळखण्याची सोय त्याने केली. पण मेघाचे मौन हाच होकार मानला. काव्यात हे शोभते, व्यापारात नाही. गिऱ्हाईकाने दाखवलेला फोनचा पडदा ही पोच नव्हे; तसे चित्र बनावटही करता येते. आपल्या खात्यात रक्कम जमा दिसली, तीच पोच.

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी याबाबत परिपत्रक काढले. दुकानात केलेल्या यूपीआय व्यवहारात पैसे कटले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत गेली पाहिजे. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता. नियम चांगला आहे, पण तो गिऱ्हाईकाच्या बाजूचा आहे. रक्कम परत जाते ती गिऱ्हाईकाच्या खात्यात. ज्याने विश्वासाने माल दिला त्या दुकानदाराला काय? यात्रेकरू एव्हाना आपल्या गावी पोचलेला असतो. ४० रुपयांच्या प्रसादासाठी त्याला कोण शोधणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, बँकांनी आणि ॲप चालवणाऱ्यांनी 'अजून माहीत नाही' ही अवस्था लपवू नये. गिऱ्हाईकाच्या फोनवर 'प्रलंबित' असे दिसते, दुकानदाराच्या फोनवर मात्र बहुधा काहीच उमटत नाही. ती अवस्था दोघांनाही, क्रमांकासह आणि मराठीत दिसावी. निकाल लागताच दोघांनाही कळावे. यंत्रणेजवळ क्रमांक आणि नोंदी असताना ही माहिती दुकानदाराला देणे तिला जड नाही. उणीव आहे ती इच्छेची.

तोवर दुकानदारांनी एवढे जरूर करावे. खात्यातली नोंद पाहिल्याशिवाय माल हातावेगळा करू नये. व्यवहार अडकला तर गिऱ्हाईकाला पुन्हा पैसे पाठवायला लावण्याआधी त्याच व्यवहाराची स्थिती तपासायला सांगावी, आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे दुकानातल्या पोऱ्यालाही शिकवावे. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दाद घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथेही तोच क्रमांक कामी येतो. गिऱ्हाईकाशी हुज्जत घालून पैसे मिळत नाहीत, नोंद असली तर हक्क तरी मागता येतो.