नेटवर्किंगचा कोर्स : ढिगात हात घालून पाहा

सागवानाच्या फळीवर नुसती टिचकी मारून ती आतून भरीव आहे की किडलेली हे सांगणारे आमच्या मोहल्ल्यातील फर्निचरवाले चाचा गेल्या वर्षी एक रंगीत माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बी.एस्सी. आयटी झालेला. त्याला एका संस्थेने दहा आठवड्यांचा कोर्स सांगितला होता. सीसीएनए, सीसीएनपी आणि सीसीआयई असे तिन्ही टप्पे एका दमात, फी १ लाख ८० हजार, नोकरीची शंभर टक्के हमी आणि रोख जमत नसेल तर ‘बिनव्याजी’ हप्ते. चाचा हप्त्यांच्या भानगडीत पडणारे नाहीत. त्यांनी गोदामातील लाकूड पडत्या भावाने काढून फी भरायचे जवळजवळ ठरवले होते. फळी घेताना दहा वेळा उलटून पाहणारा हा माणूस त्या संस्थेत एकही प्रश्न न विचारता परत आला होता. कारण विचारले तर म्हणाले, “आपल्याला त्यातले काय कळते?”

हेच आपल्या समाजातील कितीतरी बापांचे उत्तर असते आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. राउटर म्हणजे काय हे कळत नसले तरी माल खरा की खोटा हे आपल्याला कळते.

प्रथम माल कोणता ते पाहू. सिस्को ही अमेरिकन कंपनी कार्यालये, बँका, रुग्णालये यांतील संगणक एकमेकांना जोडणारी राउटर, स्विच ही उपकरणे बनवते आणि ती सांभाळणाऱ्यांच्या परीक्षाही घेते. या परीक्षांना मुंबई-पुण्याप्रमाणे दुबई-रियाधलाही किंमत आहे, म्हणून आपल्या मुलांची त्यावर नजर असणे साहजिक आहे. सीसीएनए ही पायाची परीक्षा, सीसीएनपी मधली आणि १९९३ साली सुरू झालेली सीसीआयई सर्वांत वरची. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने या परीक्षांची मांडणी बदलली. आता सीसीएनपीसाठी एक मुख्य पेपर आणि आवडीच्या विषयाचा एक पेपर द्यावा लागतो. सीसीआयईसाठी तोच मुख्य पेपर आणि त्यावर आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्यात पहिले तीन तास आराखड्याचे आणि पुढचे पाच तास प्रत्यक्ष जोडणी, चालवणे आणि बिघाड शोधण्याचे. आपल्याकडे ती बंगळुरूला होते.

याच बदलात वरच्या परीक्षेला बसण्यासाठी खालची परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट निघून गेली. दुकानदार संस्थांनी नेमके हेच उचलले. “आता अट नाही, सरळ वर चढा,” असे ते मुलांना सांगतात. बोलणे खोटे नाही, पण अर्धे आहे. सिस्को स्वतःच सांगते की सीसीएनपीला बसणाऱ्याकडे साधारण तीन ते पाच वर्षांचा आणि सीसीआयईला बसणाऱ्याकडे पाच ते सात वर्षांचा कामाचा अनुभव असावा. दरवाजाला कडी नाही म्हणून जिना चढावा लागत नाही असे थोडेच आहे!

मग हे धावते कोर्स, ज्यांना बूट कॅम्प म्हणतात, ते सगळे फसवे आहेत काय? तसे मी म्हणणार नाही. जो माणूस चार वर्षे कंपनीत राउटर सांभाळतो आहे, ज्याला सुटी जेमतेम आठ-दहा दिवसांची मिळते, त्याला जाणत्या शिक्षकासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत बसून सगळा अभ्यासक्रम एकदा घोटून घेण्याचा फार उपयोग होतो. त्याचे राहिलेले कच्चे दुवे तिथे पक्के होतात. पण हे धार लावण्याचे काम झाले, आणि धार लावायला पाते आधी असावे लागते. ज्या मुलाने कधी केबलला कनेक्टर लावलेला नाही, त्याला दहा आठवड्यांत सीसीआयई करतो म्हणणारा माणूस एक तर अडाणी असला पाहिजे किंवा लबाड.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले लागले आणि त्यांनी विक्रेत्याला त्याचा जाब विचारला. ही हदीस आपण व्यापारी लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विकताना ती आठवावी, हे खरेच. पण विकत घेतानाही ढिगात हात घालण्याची पद्धत त्यातून शिकण्यासारखी आहे.

मी चाचांना घेऊन त्या संस्थेत गेलो. कार्यालय थंडगार, सोफे मऊ. लॅब दाखवा म्हटल्यावर चावी शोधण्यात पंधरा मिनिटे गेली. आत सहा संगणक, एका बॅचला तीस मुले. एका मुलाच्या वाट्याला रोज किती मिनिटे येतात याचा हिशेब चाचांनी तिथेच तोंडी केला. माझ्याशी न बोलता मान हलवली, तेव्हाच मी समजलो की आता यांची नजर फळीवर आली. मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. शिकवणारे कोण? ते स्वतः ही परीक्षा उत्तीर्ण आहेत का? सीसीआयई झालेल्या माणसाला क्रमांक मिळतो आणि तो सिस्कोच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. क्रमांक सांगायला खरा उस्ताद कधी लाजत नाही. इथे मात्र “सर बाहेर आहेत” हे उत्तर मिळाले. फीमध्ये परीक्षेचा खर्च आहे का? नव्हता. सीसीएनएची परीक्षा फी ३०० डॉलर, मुख्य पेपरची ४००, दुसऱ्या पेपरची ३००, प्रात्यक्षिकाची दीड हजार डॉलरच्या वर, शिवाय कर. माहितीपत्रकातील १ लाख ८० हजारांवरही १८ टक्के जीएसटी वेगळा होता, आणि तो बारीक अक्षरात. शिवाय ही प्रमाणपत्रे तीन वर्षांनी नूतन करावी लागतात, हे तर कोणी बोललेच नव्हते.

शेवटी तिथल्या माणसाने हळूच सांगितले, “काळजी करू नका, आमच्याकडे परीक्षेचे प्रश्न असतात.” यालाच या धंद्यात ‘डम्प’ म्हणतात. बाहेर फुटलेले प्रश्न आणि उत्तरे पाठ करून घ्यायची. परीक्षेतील प्रश्न बाहेर जाऊ देणार नाही, असा करार प्रत्येक उमेदवार मान्य करतो. तो मोडला तर सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते आणि पुढे परीक्षेला बंदीही घालू शकते. पण बंदीची भीती बाजूला ठेवू. वजनात काटा मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, आणि पाठांतरावर मिळवलेले प्रमाणपत्र म्हणजे काटा मारलेले वजनच आहे. रात्री दोन वाजता रुग्णालयाचे नेटवर्क बंद पडले, तर तिथे पाठ केलेले उत्तर चालत नाही. त्या पगाराला हलाल कसे म्हणायचे, हे ज्याचे त्याने पाहावे.

‘बिनव्याजी’ हप्त्यांविषयीही दोन शब्द. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नसतो, व्याज कुठल्या तरी शुल्काच्या नावाखाली दडवलेले असते. अशा हप्त्यांत संस्था आपले पैसे वित्त कंपनीकडून आधीच उचलते आणि कर्ज मुलाच्या किंवा बापाच्या नावावर राहते. कोर्स आवडला नाही, संस्था बंद पडली, तरी हप्ता सुटत नाही. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी कागदावर सही करण्यापूर्वी कर्ज देणारा कोण, एवढे तरी वाचावे. गरज असेल तर जमातीचे बैतुलमाल, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना हे मार्ग आहेत. आणि नोकरीच्या हमीबद्दल म्हणाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पन्नासाहून अधिक विद्यार्थी असलेल्या कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत नोकरीची खोटी हमी देणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. फसवणूक झालेल्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, गप्प बसू नये.

चाचांनी लाकूड विकले नाही. मुलाला केबलिंगची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे कमी पगारावर लावले. मुलाला सुरुवातीला कमीपणा वाटला. पदवीधर होऊन शिडीवर चढायचे! पण आपल्या कारखान्यांत शागीर्द याच वाटेने उस्ताद होत आला आहे. रात्री तो सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या मोफत सॉफ्टवेअरवर सराव करी. त्यात पडद्यावरच राउटर-स्विच मांडून पूर्ण जाळे उभे करता येते. सीसीएनए त्याने कोणताही क्लास न लावता केली. पुढच्या टप्प्याला पॅकेट ट्रेसर पुरे पडत नाही, तिथे जीएनएस-थ्री किंवा ईव्ह-एनजी लागते आणि त्यासाठी जास्त मेमरीचा संगणक लागतो. तो लॅमिंग्टन रोडवरून जुना पण दणकट घेतला. फीच्या मानाने हा खर्च किरकोळ म्हणावा असा.

आता मुख्य पेपर जवळ आला आहे. मागच्या जुम्याला नमाजनंतर चाचांनी मला थांबवले. पुण्यातल्या एका शिक्षकाचा सहा दिवसांचा सराव वर्ग आहे, फी २५ हजार, मुलगा जायचे म्हणतो, काय करू? मी म्हटले, आता पाठवा. चाचा म्हणाले, “पाठवतो, पण आधी वर्ग चालू असताना न सांगता एकदा जाऊन बसतो.” मंगळवारची गाडी त्यांनी ठरवलीसुद्धा होती.