धूळपाटी कोण पुसतो?

मराठी विकिपीडियावर नवख्यांच्या सरावपानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. नाव सुरेख आहे. पण धूळपाटीवर गुरुजी आधी बोट धरून अक्षर गिरवून घेत, मग पुसत. आपल्याला पुसणेच तेवढे आठवते.

भिलाईतले माझे एक शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळते. त्यांनी लिहिले : इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तारीख बरोबर, पण संदर्भ नव्हता. वाक्य उडवायला एक क्षण पुरला असता. आम्ही संदर्भ शोधला, तळटीप जोडली, दोन शब्द बदलले. अर्धा तास गेला. दुसरी नोंद त्यांनी एकट्याने केली.

‘कोश म्हणजे शिकवणी नव्हे’, असे शुद्धतेचे रखवालदार म्हणतील. वाईच्या विश्वकोशामागे सरकारी मंडळ आहे; विकिपीडियाकडे आपणहून येणारी माणसेच आहेत. चुकीची माहिती काढावीच. पण कारण न सांगता नोंद पुसणारा कोश राखत नाही, पुढचा लेखक घालवतो. आणि झोतभट्टीपाशी आयुष्य काढलेला मराठी माणूस पुन्हा कुठून आणणार?