भिंतीला तोंड कशाला?

भिंतीला कान असतात, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक आहे. त्या कानांशी जुळवून घेत आपल्या कित्येक पिढ्या चाळींतून आणि फ्लॅटांतून सुखाने नांदल्या. सासूबद्दल बोलायचं असलं की मोरीतला नळ सोडायचा, पगाराबद्दल बोलायचं असलं की कुकरच्या शिट्टीचा मुहूर्त साधायचा, इतका तो सरळ व्यवहार होता. पण हल्ली मध्यमवर्गीय माणूस घराचं नूतनीकरण काढतो आणि भिंतीला तोंडही बसवून घेतो. तेही एक नव्हे, पाच! या तोंडांना ‘इन-वॉल स्पीकर’ म्हणतात. भिंतीला भोक पाडायचं, त्यात स्पीकर कोंबायचा, वर पांढरी जाळी लावायची आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारायचं, ‘आवाज कुठून येतोय, ओळखा बघू!’ पाहुणा बिचारा चहाच्या आशेने ओळखत बसतो.

डोंबिवलीतल्या आमच्या घराचं काम निघालं तेव्हा इंटिरियरवाल्या तरुणाने माझ्यापुढेही कॅटलॉग ठेवला. म्हणाला, “सर, गोल घेणार की चौकोनी?”

“तिसरा पर्याय आहे का?”

“आहे ना! लांबट.”

“नाही, न घेण्याचा.”

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू घरात संडासच नको म्हणालो होतो. तेव्हापासून मी या विषयावर भेटेल त्याच्याशी भांडतो आहे. आज तुमची पाळी. मला यातलं काय कळतं, असं कुणी विचारील. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला क्लार्क. गेली बावीस वर्षं काउंटरच्या काचेला पाडलेल्या भोकातून लोकांचं म्हणणं ऐकतो आहे. भोकातून येणाऱ्या आवाजाबद्दल माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस तुम्हांला सहसा भेटणार नाही.

पहिला मुद्दा भिंतीचा. हे प्रकरण फोफावलं ते १९८०च्या दशकात, अमेरिकेत. तिथल्या घरांतली भिंत म्हणजे लाकडी खांब, त्यांच्या दोन्ही अंगांना अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते आणि मध्ये साडेतीन इंचांची पोकळी. आधीच पोकळ असलेल्या जागी काहीतरी भरावं, ही त्या लोकांची कल्पना रास्तच होती. त्या पोकळीच्या मापाने स्पीकर बेतले गेले. आपल्याकडे दोन खोल्यांमधली भिंत असते साडेचार इंच विटेची, आणि भरीव. त्यातून साडेतीन इंच कोरले की उरला एक इंच. एक इंच भिंतीला भिंत म्हणत नाहीत, पापड म्हणतात. नव्या टॉवरांतून तर विटाही नाहीत. मिवान पद्धतीच्या बांधकामात सगळ्या भिंती काँक्रीटच्या, आणि इमारतीचा भार त्यांच्यावरच. तिथे स्पीकरसाठी खिडकी पाडायची म्हणजे वरच्या अठरा मजल्यांना विचारूनच पाडावी लागेल.

मग यावर तोड काय? इंटिरियरवाल्याकडे तोड असतेच, तिच्यावरच त्याचं घर चालतं. तो खऱ्या भिंतीपुढे खोटी भिंत उभी करतो. पत्र्याची चॅनेलं, त्यावर जिप्सम, आत पोकळी. म्हणजे अमेरिकन स्पीकरसाठी आधी अमेरिकन भिंत आयात करायची! ही भिंत खोलीतले चार इंच खाते. आता हिशेब करा. सोळा फुटी भिंतीला चार इंच म्हणजे सव्वापाच चौरस फुटांहून थोडी जास्तच जागा. ती जागा आपण कर्ज काढून विकत घेतलेली असते आणि वीस वर्षं तिचे हप्ते भरायचे असतात. इतक्या जागेत आमच्या आईचं देवघर, शिवणयंत्र आणि ती रागावली की बसते तो मोडा, सगळं मावतं.

दुसरा मुद्दा आवाजाचा. तानपुऱ्याला भोपळा असतो. तो ‘क्लीन लुक’मध्ये बसत नाही म्हणून कापून काढा आणि तारा भिंतीला ठोका, असं आजवर एकाही गवयाने म्हटलेलं नाही. स्पीकरची पेटी म्हणजे त्याचा भोपळा. किती घन इंच हवा आत हवी, पेटी किती जड हवी, हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, कारण खर्ज त्यावर अवलंबून असतो. भिंतीतल्या पुष्कळशा स्पीकरांना पाठच नसते. मागची पोकळी हीच त्यांची पेटी, आणि ती पोकळी ठरवली कुणी? सुताराने, दुपारी जेवून आल्यावर. मग खलनायकाने दार आपटलं की पडद्यावरचं दार वाजायच्या आधी आपली भिंत थरथरते. मागे लावायचे डबे वेगळे मिळतात, हे खरं. पण पेटी नको म्हणून भिंत फोडायची आणि मग भिंतीत पेटी बसवायची, हा व्यवहार माझ्या बी. कॉम.ला झेपत नाही.

तिसरा मुद्दा जागेचा. याबाबतीत शास्त्र स्पष्ट आहे. समोरचे डावा-उजवा स्पीकर ऐकणाऱ्याच्या मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे साधारण एकशेदहा अंशांवर, आणि उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. इंटिरियरवाल्याचं शास्त्र निराळं. त्याचे अंश पडद्याच्या दांडीवरून, शोकेसवरून आणि दिव्याच्या बटणावरून निघतात. आमच्या मेव्हण्याच्या घरी मागचे स्पीकर छताखाली बसलेत, कारण कानाच्या उंचीवर बायकोने लग्नाचा फोटो लावला आहे. त्यामुळे सिनेमात मागून घोडे येतात ते पोटमाळ्यावरून आल्यासारखे वाटतात. आता ते हलवता येतील का? नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर स्टँडवरचा स्पीकर हे बचत खातं आहे, हवं तेव्हा काढा, हवं तिथे ठेवा. भिंतीतला स्पीकर ही मुदत ठेव. फरक इतकाच, की मुदतीआधी ठेव मोडली तर बँक व्याजातून थोडं कापते. भिंत मोडली तर गवंडी, सुतार आणि रंगारी मुद्दलातून कापतात.

चौथा मुद्दा मात्र चेष्टेचा नाही. भिंतीला दोन बाजू असतात, आणि दुसऱ्या बाजूला माणसं राहतात.

होम थिएटरला ‘पाच पूर्णांक एक’ म्हणतात. त्यातला तो दशांश चिन्हानंतरचा एक दिसायला गरीब, पण सगळी दंगल त्याचीच. स्फोट, गडगडाट, विमानाची घरघर असा १२० हर्ट्झच्या खालचा ऐवज त्याच्याकडे असतो. चाळीस हर्ट्झच्या एका लाटेची लांबी भरते साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट. आमचा हॉल सोळा फुटांचा. त्या लाटेला आमच्याकडे पाय पसरायला जागा नाही, ती शेजाऱ्यांकडेच जाणार. साडेचार इंची वीट तिला तांदळाच्या चाळणीइतकीच अडवते. त्यात स्पीकर सामायिक भिंतीच्या आतच बसवला, की आवाजाला शेजाऱ्यांच्या उंबरठ्यापर्यंत आपण स्वतः सोडून आलो. पलीकडे दहावीचा मुलगा असतो, रात्रपाळी करून झोपलेली परिचारिका असते, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आजोबा असतात. ते भांडायला येत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की नुसतं म्हणतात, “काल मोठं युद्ध होतं वाटतं तुमच्याकडे.” २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण नियमाचं बोट धरून शेजार टिकत नाही. पेटीचा स्पीकर निदान भिंतीपासून वीतभर पुढे ओढता येतो, खाली रबर घालता येतं, आजोबा आजारी पडले तर त्या भिंतीवरून या भिंतीकडे नेता येतो. भिंतीतल्या स्पीकरला शेजारधर्म पाळायची सोयच ठेवलेली नाही.

आता विरुद्ध पक्षाचं ऐकू. ते म्हणतात, सिनेमागृहात नाही का स्पीकर पडद्यामागे लपलेले असत? असतात. पण त्या पडद्याला आवाज यावा म्हणून बारीक भोकं असतात आणि मागे स्पीकरांना ऐसपैस जागा असते. बाजूच्या भिंतींवरचे स्पीकर तर राजरोस टांगलेले दिसतात. त्यांच्याकडे पाहून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं ते म्हणतात, पेटी दिसायला बरी दिसत नाही. इथे मात्र माझं डोकं फिरतं. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे घरोघर टीव्ही आला तो सरकत्या दाराच्या लाकडी कपाटातून. त्या दाराला कुलूप असे, वर क्रोशाचा रुमाल असे, त्यावर काचेचा मोर असे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला आमच्या हॉलमध्ये तीस माणसं बसत, आणि त्या थोराड पेटीकडे सगळे तोंड करून बसत. बोलणाऱ्याकडे पाहावं, ही साधी रीत होती. आता ज्याचं ऐकायचं त्याचंच तोंड लपवायचं, आणि घरात काही नाहीच असं दाखवायचं! लाखभर रुपये खर्चून ‘काहीही नाही’ विकत घेणारा ग्राहक पाहिला, की मला त्याचं खातं आमच्या शाखेत का नाही याची हळहळ वाटते.

आणि बोलणं कळण्याचं काय? सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. आमची आई शहात्तर वर्षांची. तिला स्फोट उत्तम ऐकू येतात, स्फोटापूर्वी तो काय म्हणाला ते येत नाही. मधला स्पीकर टीव्हीच्या वर, भिंतीत, शोभेच्या रेषेत बसवला असता, तर तो तिच्या डोक्यावरून बोलला असता आणि ती जन्मभर “अरे, काय म्हणाला तो?” विचारत राहिली असती. आम्ही तो टीव्हीखाली ठेवला आणि पुढच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे सारून तिच्या कानाकडे तोंड वर केलं. दोन ठोकळ्यांची किंमत शून्य. आता ती विचारत नाही, उलट आम्हांलाच सांगते, “खोटं बोलतोय मेला.”

न्यायाने बोलायचं तर काही जागी भिंत-छताचा आसरा घ्यावाच लागतो. २०१२ साली सिनेमागृहांत डॉल्बी अॅटमॉस आलं आणि दोन वर्षांनी घरांत. त्यात आवाज डोक्यावरूनही यावा लागतो. छताला स्टँड लावता येत नाही, तेव्हा फॉल्स सीलिंग होणारच असेल तर तिथे दोन गोल स्पीकर खुशाल बसवा. ज्याचा स्वतंत्र बंगला आहे, थिएटरची खोली वेगळी आहे आणि शेजारी म्हणून नारळाची चार झाडं आहेत, त्याने तर भिंतीत रेल्वेचं इंजिन बसवलं तरी माझी हरकत नाही. घरात रांगतं पोर असेल, स्टँड अंगावर पडायची भीती असेल, तर पेटी भिंतीवर पक्क्या ब्रॅकेटवर टांगा. भिंतीवर टांगणं आणि भिंतीत पुरणं यांत फरक आहे.

मग नूतनीकरणात भिंतीत घालायचं काय? पाइप. प्लास्टर होण्याआधी चारपाच पाइप टाका, त्यांतून चांगली तांब्याची वायर ओढा, विजेच्या तारांपासून ती हातभर लांब ठेवा, आणि प्लास्टर चढण्यापूर्वी भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, म्हणजे पुढे कुठेही खिळा ठोकताना देवाचं नाव घ्यावं लागत नाही. वायर लपवा, लपवायला हरकत नाही. तिला आवाज नसतो. उद्या स्पीकर बिघडला तर बदला, घर बदललं तर उचलून न्या, मुलगी वेगळी झाली तर तिला द्या. भिंत काही कन्यादानात देता येत नाही.

एवढं सांगूनही ज्याला आवाज भिंतीतच हवा असेल, त्याने दंतकथेतल्या अनारकलीची आठवण ठेवावी. गोड गळ्याच्या माणसाला भिंतीत चिणण्याचा तो आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग. त्यानंतर तिचं गाणं कुणाला ऐकू आल्याची नोंद नाही.